आधी आवाज, मग माहिती

(भवानी पेठ, सोलापूर येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आपण आज येथे जमला आहात. माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाला आपण बोलावलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. 'शाळेतील अपुऱ्या इंटरनेटचा उपयोग कसा करावा' असा विषय मला देण्यात आला आहे. मी काही या विद्येतील पंडित नव्हे. तथापि, या विषयात माझ्या हातून एक चूक घडली, तिच्यापायी एका मुलीवर अन्याय झाला, आणि ती चूक समजून घेण्यासाठी मला बरेच वाचावे व विचारावे लागले. जे कळले ते आपणापुढे ठेवतो.

आपण जेथे बसलो आहोत ती भवानी पेठ म्हणजे सोलापूरचा पूर्व भाग. मागाचा खडखडाट आणि घराघरांतून ऐकू येणारी तेलुगू भाषा ही या भागाची खूण. येथील गृहिणीला आणखी एक विद्या अवगत आहे. या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळावर संसार केला आहे. नळ आला की ती माउली काय करते? प्रथम पिण्याचा हंडा भरते, मग स्वयंपाकाचे पाणी, नंतर धुण्याचे, आणि धार उरलीच तर अंगणातील पिंप. पिण्याचा हंडा लहान असतो आणि पिंप मोठे असते. म्हणून मोठ्याचा मान पहिला, असे ती कधी म्हणत नाही. किती लागते यापेक्षा कशावाचून अडते, हे ती आधी पाहते.

इंटरनेटच्या अपुऱ्या जोडणीवर नेमका हाच न्याय लागू पडतो. आवाज हा पिण्याचा हंडा आहे. छायाचित्रे, चित्रफिती, अहवाल, तक्ते ही सारी पिंपे आहेत. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचा सारा त्याचा विस्तार आहे.

जुनी अडचण, नवे रूप

मार्ग थोडा आणि बोलणारे पुष्कळ, ही अडचण काही आजची नव्हे. आपणांपैकी जे वयाने वडील आहेत त्यांना ट्रंककॉलचे दिवस आठवत असतील. सोलापूरहून मुंबईला बोलावयाचे तर आधी नोंदणी करावी लागे आणि मग तासन्‌तास वाट पाहावी लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे वर्ग असत. घाई जितकी अधिक तितका दर चढा. तीन मिनिटे संपली की ऑपरेटर मध्येच विचारी, "वाढवायचे का?" १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम झाली. त्यानंतर हळूहळू ऑपरेटर दिसेनासा झाला.

सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. २०१६ नंतर चौथ्या पिढीचे जाळे स्वस्त झाले आणि ते खेड्यापाड्यांतील खिशांत पोचले. तथापि, या नव्या मार्गावर एक माणूस उरला नाही, आणि तो म्हणजे ऑपरेटर. कोणाला आधी सोडावयाचे आणि कोणाला थांबवावयाचे, हे ठरविणारा कोणी राहिला नाही. पूर्वी तो तारघरात बसे. आता ते काम आपणच आपल्या शाळेत करावयाचे आहे. आपण ते केले नाही, तर ज्याचा धक्का मोठा तोच पुढे जातो.

आवाजाचा आणि माहितीचा स्वभाव

या दोहोंचा स्वभावभेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. इंटरनेटवरून काहीही पाठवावयाचे तर त्याचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येक तुकडा पत्त्यासह पाकिटात घालून रवाना केला जातो. आवाजाचेही तसेच. आपण बोलू लागलो की साधारणपणे दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक पाकीट होते. म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे निघतात. दूरध्वनीच्या जुन्या व चांगल्या प्रतीच्या पद्धतीत एका पाकिटात १६० बाइट आवाज असतो, आणि पत्ता वगैरे मजकुराचे ४० बाइट असतात. २०० बाइटांची ५० पाकिटे म्हणजे सेकंदाला ८०,००० बिट, अर्थात ८० किलोबिट. आवाज अधिक दाबून पाठविण्याच्या एका पद्धतीत पाकिटात आवाज केवळ २० बाइट असतो. परंतु पत्त्याचे ४० बाइट मात्र सुटत नाहीत. पत्रापेक्षा पाकीट जड व्हावे, तसा हा प्रकार आहे. तरीही त्याला सेकंदाला २४ किलोबिट पुरतात.

यावरून आवाजाची भूक किती अल्प आहे, हे आपल्या ध्यानात येईल. परंतु त्याला उशीर खपत नाही. बोललेला शब्द पलीकडे पोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ लागला तर संभाषण सुरळीत चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मानले आहे. ४०० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेलेला उशीर तो संघ अयोग्य समजतो. शिवाय पाकिटे एका चालीने आली पाहिजेत. काही लवकर व काही उशिरा आली तर आवाज तुटतो. आणि वाटेत एखादे पाकीट हरवले तर ते पुन्हा मागविण्यात अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेले असते.

माहितीचा स्वभाव याच्या उलट आहे. तीन मेगाबाइटचे छायाचित्र एका मिनिटाने उशिरा पोचले तरी त्याचे काही बिघडत नाही. वाटेत तुकडा हरवला तर तो पुन्हा मागविला जातो, आणि शेवटी चित्र जसेच्या तसे उभे राहते. परंतु तिची भूक मात्र अफाट. जेवढा मार्ग मोकळा दिसेल तेवढा सारा ती व्यापून टाकते. रोपवाटिकेतील रोपाला रोज तांब्याभर पाणी वेळेवर लागते, आणि उसाला पाट भरून लागते. पण तो पाळीची वाट पाहू शकतो. भीमेच्या काठच्या माणसाला याहून अधिक काय सांगावे!

माझ्या हातून घडलेली चूक

आता ती गोष्ट सांगतो. २०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे आपण सर्वांनीच ठरविले. मी त्या वेळी याच पूर्व भागातील एका शाळेत शिकवीत होतो. रोज सायंकाळी इंटरनेटवरून एकेका मुलाला फोन लावावा, पुस्तकातील उतारा वाचून घ्यावा आणि वाचनाची नोंद ठेवावी, असा माझा क्रम होता. चौथीतील एका मुलीचे वडील यंत्रमागावर कामाला होते. त्यांच्या घरची भाषा तेलुगू. वडील कामावरून आले की फोन तिच्या हाती येई.

मी म्हणे, "बाळ, पुढे वाच." पलीकडे शांतता. मी पुन्हा म्हणे, "अगं, वाच ना!" तेवढ्यात ती वाचू लागे आणि माझा दुसरा प्रश्न तिच्या वाचनात घुसे. ती थांबे व विचारी, "गुरुजी, काय म्हणालात?" प्रश्न विचारावा तर उत्तर रेंगाळत येई. असे काही दिवस झाले. मी तिच्या नावापुढे नोंद केली : 'वाचन अडखळत. प्रश्न समजण्यास वेळ लागतो. घरची भाषा मराठी नसल्याचा परिणाम.'

शाळा पुन्हा उघडल्यावर मी तिला वर्गात वाचावयास उभे केले. तिने अख्खे पान एका दमात, स्पष्ट उच्चारांनी, विरामचिन्हे सांभाळून वाचले. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर तयार. मी थक्क झालो. मुलांची प्रगती एवढ्या वेगाने होत नसते, हे आपण सारे जाणतो. मग आधी काय चुकत होते?

याचे उत्तर मला शेजारच्या एका संगणक दुरुस्त करणाऱ्या तरुणाने दिले. तो म्हणाला, "काका, सायंकाळी फोनवर बोलताना घरात आणखी काय चालू असायचं?" मी आठवून पाहिले. दिवसभरात मुलांनी पाठविलेल्या गृहपाठाची छायाचित्रे मी त्याच वेळी केंद्राच्या गटावर पाठवीत असे. अहवालाची वेळ तीच होती. त्याने मला एक प्रयोग दाखविला. मी एक फोन घेऊन अंगणात उभा राहिलो. तो फोन सिमकार्डाच्या जाळ्यावर होता. तो तरुण घरात वायफायवर होता. आम्ही इंटरनेटवरून एकमेकांना फोन लावला. त्याने टाळी वाजविली. एका कानाने मी ती दारातून ऐकली आणि दुसऱ्या कानाने फोनमधून. अंतर जेमतेम जाणवले. मग त्याने दहा-बारा छायाचित्रे पाठविण्यास लावली आणि पुन्हा टाळी वाजविली. दारातून टाळी आली. मी मनात 'एक, दोन' मोजले, तेव्हा कोठे फोनमधून टाळी आली!

मुलगी अडखळत नव्हती. माझाच प्रश्न तिच्याकडे दोन सेकंद उशिरा पोचत होता. तिची म्हणून मी जी शांतता नोंदली, ती माझ्या घरातील पेटीत साचलेल्या रांगेची शांतता होती. आणि त्याचा दोष मी कशाला दिला? तिच्या मातृभाषेला. ती नोंद मी नंतर खोडली. परंतु अशा किती नोंदी कोणकोणत्या वहीत राहून गेल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

रांग कशी साचते

या दोन सेकंदांचा हिशेब सोपा आहे, आणि तो पाचवी-सहावीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. बहुतेक साध्या जोडण्यांत माहिती आणण्याचा मार्ग रुंद व पाठविण्याचा अरुंद असतो. पाठविण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे १० लाख बिट आहे, असे धरू. घरातील यंत्रे राउटरला वायफायवरून याच्या कितीतरी पट वेगाने माहिती देतात. मोठे तोंड आणि लहान बूड असलेल्या नरसाळ्यात पाणी ओतले तर ते जसे आत साचते, तशी जास्तीची पाकिटे पेटीच्या स्मृतीत रांग लावतात. त्या रांगेत २५० किलोबाइट मावत असतील, तर ते २० लाख बिट झाले. वेग सेकंदाला १० लाख, म्हणून रांग रिकामी होण्यास दोन सेकंद लागतात. आवाजाचे इवलेसे पाकीट आले की ते या रांगेच्या शेपटाला उभे राहते. पेटी त्याला ओळखत नाही. जो आधी आला तो आधी गेला, एवढेच ती जाणते.

पेट्या बनविणाऱ्यांनी एकही पाकीट हरवू नये या सद्हेतूने ही स्मृती मोठी ठेवली, आणि त्यातूनच हा रोग उद्भवला. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास आपल्याच घरात या रोगाचा माग काढला. त्याला 'बफरब्लोट', म्हणजे रांगेची सूज, असे नाव मिळाले. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली एक तोडगा मांडला. रांग किती लांब आहे हे पाहू नये; पाकिटाला रांगेत किती वेळ थांबावे लागते हे पाहावे. हे थांबणे पाच मिलिसेकंदांहून अधिक होऊन तसेच टिकून राहिले, तर काही पाकिटे टाकून द्यावीत. पाकीट पोचले नाही असे दिसताच पाठविणारे यंत्र आपण होऊन वेग कमी करते.

हा वेग कमी करण्याचा शहाणपणाही ठेच लागूनच आला आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कली येथे सुमारे ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधील मार्ग एकाएकी तुंबला. सेकंदाला ३२ हजार बिट नेणारा तो मार्ग ४० बिटांवर आला. मार्ग तुटला नव्हता. प्रत्येक यंत्र आपले पाकीट पोचले नाही म्हणून तेच पुन्हा पुन्हा रेटीत होते, आणि त्या रेट्यात कोणाचेच काही पोचत नव्हते. त्यानंतर जेकबसन यांनीच १९८८ साली यंत्रांना थांबण्याची व हळूहळू वेग वाढविण्याची शिस्त लावली. आपण सारे आज जे इंटरनेट वापरतो ते या संयमावर चालते.

शाळेने काय करावे

आता व्यवहाराकडे येतो. पुढील गोष्टी कोणतीही शाळा विशेष खर्चावाचून करू शकेल.

१. प्रथम मोजावे. जोडणीचा कागदावर लिहिलेला वेग निराळा आणि प्रत्यक्ष मिळणारा निराळा. आणण्याचा व पाठविण्याचा असे दोन्ही वेग सकाळी, दुपारी व सायंकाळी आठवडाभर मोजून वहीत लिहावे. टाळीचा प्रयोगही करून पाहावा. त्याला यंत्र लागत नाही; दोन फोन व दोन माणसे पुरेत.

२. रांग आपल्या हाती ठेवावी. अनेक राउटरांत 'क्यू. ओ. एस.' या नावाखाली प्राधान्याची सोय असते. तेथे मिळणाऱ्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के एवढीच मर्यादा घालावी. वेग मुद्दाम कमी करावा, हे प्रथम विपरीत वाटेल. परंतु त्यामुळे रांग पलीकडच्या, आपल्या हाती नसलेल्या यंत्रात न साचता आपल्या पेटीत राहते, आणि मग तिच्यात कोणाला पुढे काढावयाचे हे आपल्याला ठरविता येते.

३. आवाजाला आधी वाट द्यावी, पण तिला माप असावे. वरील उदाहरणात एक मेगाबिटातील ८५० किलोबिट आपण हाती घेतले. त्यांतील २०० किलोबिट एकाच वेळी चालणाऱ्या दोन संभाषणांसाठी राखावे. संभाषण चालू नसेल तेव्हा तो वाटाही माहितीला वापरू द्यावा. याची किंमत काय पडते ते पाहा. तीन मेगाबाइटची पाच छायाचित्रे, म्हणजे १२ कोटी बिट, एरवी दोन मिनिटांत गेली असती. संभाषण चालू असताना ती तीन मिनिटांहून थोडी अधिक घेतील. माहितीचे एक मिनिट गेले आणि मुलीचे वाचन वाचले! मात्र आपल्या पेटीने पाकिटावर मारलेला तातडीचा शिक्का शाळेच्या भिंतीबाहेर कोणी मानीलच, असा भरवसा धरू नये. म्हणून आपल्या बाजूची रांग नीट ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

४. ज्यांच्याकडे अशी पेटी नाही त्यांनी वेळेची वाटणी करावी. पालकांशी व मुलांशी बोलण्याची वेळ ठरवून त्या वेळात कोणीही छायाचित्रे पाठवू नयेत, चित्रफिती उतरवू नयेत. फोनमधील चित्रे आपोआप उतरण्याची व आपोआप साठविली जाण्याची सोय बंद ठेवावी. फोनची व संगणकाची अद्ययावत करण्याची कामे रात्रीवर टाकावीत. पाण्याची पाळी ज्यांना कळते त्यांना ही पाळी कळण्यास अडचण पडू नये.

५. काम पाहून साधन निवडावे. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरील साधा फोन हाही आता पाकिटांतूनच जातो. परंतु मोबाइल कंपनीचे जाळे त्याला स्वतंत्र, राखीव वाट देते. त्याच फोनवरून इंटरनेटच्या एखाद्या ॲपने केलेले बोलणे मात्र सर्वसाधारण गर्दीतून जाते. म्हणून रेंज बेताची असेल तेथे साधा फोन करावा. चेहरा दिसणे अगत्याचे नसेल तर चित्र बंद ठेवून केवळ बोलावे. बोलणेही जमत नसेल तर दोन ओळींचा संदेश पाठवावा.

एकच गोष्ट तीस वेळा आणू नये

मार्गाची सर्वांत मोठी उधळपट्टी होते ती एकच वस्तू पुन्हा पुन्हा आणण्यात. वीस मेगाबाइटची एक चित्रफीत तीस मुलांनी आपापल्या फोनवर शाळेच्या जोडणीवरून उतरविली, तर ६०० मेगाबाइट होतात. सेकंदाला चार मेगाबिटांच्या मार्गाला त्यासाठी २० मिनिटे लागतील. तीच चित्रफीत शिक्षकाने एकदा उतरवून सर्वांना एकत्र दाखविली तर ४० सेकंद पुरतात. 'दीक्षा' ॲपवरील पाठ एकदा उतरवून घेतला की तो इंटरनेटवाचून पाहता येतो, आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देताही येतो. या सोयीचा उपयोग आपण पुरेसा करीत नाही.

याच जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० च्या डिसेंबरात त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. ती चौकट कागदावर छापण्यास शाईचा थेंब पुरतो. परंतु तिच्यामागील पाठ मुलापर्यंत आणावयाचा तर मार्ग लागतो. चौकट पानोपानी गेली आहे. तिच्यामागचा मार्ग घरोघरी नेण्याचे काम अजून व्हावयाचे आहे, आणि तो नसेल तेथे पाठ आधी उतरवून नेण्याचे काम आपले आहे.

जेथे मार्गच नव्हता तेथे काय केले गेले, याचीही उदाहरणे आपल्यासमोर आहेत. २०२० च्या जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पाठांची मालिका दाखविण्यात आली. दूरदर्शनचे प्रक्षेपण एका घरी पाहिले काय आणि लाख घरी पाहिले काय, त्याचा मार्ग अडत नाही. आणि आपल्याच सोलापुरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. वस्तीतील पुष्कळ आईबाप कापडाच्या कारखान्यांत राबणारे; प्रत्येक घरी स्मार्टफोन कोठून असणार? मुले अंतर राखून उभी राहत, वाचत आणि पुढच्या भिंतीकडे जात. त्या भिंतीला डेटा लागला नाही. जे भिंतीवर लिहिता येते ते भिंतीवर लिहावे, जे एकदा आणून ठेवता येते ते आणून ठेवावे, आणि ज्याला जिवंत मार्गावाचून गत्यंतर नाही अशा आवाजासाठी मार्ग मोकळा ठेवावा.

व्यवस्था आणि हक्क

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मी माझे कर्तव्य समजतो. 'व्यवस्था नीट केली की थोड्यात भागते' हे माझे म्हणणे ऐकून कोणी असा अर्थ काढू नये की, थोडेच पुरे आहे. नळ रोज येत नाही म्हणून गृहिणी हंडे नीट लावते. याचा अर्थ तिने रोजच्या पाण्याची मागणी सोडून दिली असा होत नाही. ज्या शाळेची जोडणी दिवसच्या दिवस बंद राहते, तेथे रांगेच्या शिस्तीने काही साधणार नाही. बंद पडलेल्या मार्गाला प्राधान्य कसले देणार? अशा शाळेने आपल्या मोजणीची वही घेऊन, तारीखवार आकड्यांसह, वरिष्ठांकडे मागणी करावी. 'इंटरनेट चालत नाही' या तक्रारीपेक्षा 'अमुक आठवड्यात अमुक वेळी एवढा वेग मिळाला' ही नोंद अधिक परिणामकारक ठरते.

दुसरी गोष्ट क्रम कोणी ठरवावा, ही. पेटीला न्याय-अन्याय कळत नाही. आपण सांगू तो क्रम ती पाळते. आपण काहीच सांगितले नाही तर मोठ्या ओझ्याचे फावते. माझ्या घरी त्या सायंकाळी अहवालाची छायाचित्रे आणि एका मुलीचा आवाज यांत चढाओढ लागली. मी क्रम ठरविला नाही, म्हणून अहवाल जिंकला. आणि विपर्यास असा की, तो अहवाल मुलांच्या प्रगतीचाच होता! शाळेतील सर्व शिक्षकांनी एकत्र बसून हा क्रम ठरवावा आणि तो कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. माझ्या मते आजारी मुलासाठी किंवा अपघातप्रसंगी करावयाचा फोन सर्वांच्या आधी. त्यानंतर मुलाशी व पालकाशी बोलणे. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेला बाप दिवसाचे काम संपवून आपल्या लेकराची चौकशी करण्यास फोन करतो, तेव्हा त्याच्यापाशी वेळ थोडा असतो. त्यानंतर पाठ, मग अहवाल, आणि शेवटी बाकीचे सारे. अहवाल मागविणाऱ्या अधिकारी बंधूंनीही सर्व शाळांना एकच घटका न नेमता केंद्रवार निरनिराळ्या वेळा दिल्या, तर मार्गावरील बराच भार हलका होईल, अशी माझी नम्र विनंती आहे.

वर्गासाठी एक पाठ

हा विषय मुलांपुढेही ठेवण्याजोगा आहे. वर्गाच्या दाराशी मुलांची रांग लावा. एका वेळी एकच मूल बाहेर जाईल, असा नियम ठेवा. काही मुलांच्या हाती दप्तरांचे ढीग द्या आणि एकाच्या हाती केवळ एक चिठ्ठी द्या. ती चिठ्ठी दहापर्यंत मोजण्याच्या आत बाहेर पोचली पाहिजे. मुले आधी रेटारेटी करतील, मग भांडतील, आणि थोड्या वेळाने आपण होऊन म्हणतील, "चिठ्ठीवाल्याला आधी जाऊ द्या ना!" त्यातून गणितही निघते आणि नागरिकशास्त्रही. ज्याला थोडे हवे आणि आता हवे, त्याला आधी वाट द्यावी, हे मुलांनी स्वतः शोधून काढले की पुन्हा सांगावे लागत नाही.

बंधुभगिनींनो, आपला व्यवसाय ऐकण्याचा आहे. मूल काय बोलते, कोठे थांबते आणि का थांबते, हे ऐकूनच आपण त्याच्याविषयी मत बनवितो. आता हे ऐकणे पुष्कळदा तारेतून व हवेतून होणार आहे. म्हणून यापुढे फोनवर एखादे मूल गप्प झाले, तर वहीत शेरा लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि आपल्या घरच्या रांगेत काय अडकले आहे ते आधी पाहा. ज्या मुलीची गोष्ट मी सांगितली तिने मला हा धडा दिला. तिच्या घरच्या भाषेची क्षमा मागून तो मी आज आपल्या स्वाधीन करीत आहे.